पातं कोणत्या दिशेने धावतं, ते आधी पाहा

प्रश्न : आमच्या सोसायटीत छोटीशी हिरवळ आहे आणि ती कापायला विजेवर चालणारं यंत्र आहे. माळीकाका पेरणीसाठी गावी गेलेत, ते आता दिवाळीनंतरच येणार. तोवर यंत्र मीच चालवतो. गवत कापलं जातं, पण दुसऱ्या दिवशी हिरवळीचे शेंडे पांढुरके-तपकिरी दिसतात. दुकानदार म्हणाला, पातं बदला. नवं पातं आणून ठेवलंय, पण यंत्र आडवं करून नट खोलायला हात धजावत नाही. पाना लावून थोडा जोर केला, तर नट सुटण्याऐवजी आणखी आवळल्यासारखा वाटला. हे काम आपण घरी करण्यासारखं आहे का? आणि हा नट नक्की फिरवायचा कुठल्या बाजूला?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काम घरी करण्यासारखं आहे, आणि तुम्ही जोर लावणं थांबवलंत हे फार चांगलं केलंत. नट कुठल्या बाजूला फिरवायचा या तुमच्या प्रश्नातच बाकीचं बरंचसं काम दडलेलं आहे. पातं कुठल्या दिशेने धावतं हे एकदा नीट पाहिलं, की नट कसा सुटेल, धार कुठे हवी, पात्याची कुठली बाजू वर हवी आणि शेवटी नट कसा आवळायचा, ही चारही उत्तरं मिळतात. म्हणून पाना खाली ठेवा आणि आधी यंत्र समजून घेऊ.

तुमच्या यंत्रात पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या कवचाखाली एक आडवी पोलादी पट्टी फिरते. तिच्या दोन्ही टोकांना चार-पाच बोटं लांबीची धार असते, मधल्या भागाला धार नसते. कात्रीत दोन पाती एकमेकांवर येतात आणि मधलं गवत कापलं जातं. इथे दुसरं पातं नाहीच. गवताची काडी नुसती उभी असते आणि पट्टीचं टोक तिच्यावर इतक्या वेगाने येतं, की काडीला वाकायला वेळच मिळत नाही. आपल्याकडच्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर अशा यंत्रांतली दोन पोलांची मोटर मिनिटाला साधारण २,८०० फेरे घेते. पातं १८ इंची असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी २४० किलोमीटरच्या आसपास जातो. बोथट पातंही गवत ‘कापतं’ ते या वेगामुळेच. फरक इतकाच, की धार असली तर काडी स्वच्छ कापली जाते, नसली तर फाटते. फाटलेल्या काडीतून पाणी जास्त उडतं, तिचा शेंडा वाळतो, आणि पावसाळी दमट हवेत त्याच फाटलेल्या जागेतून बुरशी आत शिरते. दुसऱ्या दिवशी दिसणारा पांढुरका-तपकिरी रंग हा त्या फाटलेल्या शेंड्यांचा. खात्री करायची असेल, तर चार काड्या खुडून उजेडात धरा. शेंड्याला तंतू लोंबताना दिसले, तर दोष पात्याचा आहे. खत किंवा पाणी कमी पडलेलं नाही.

हाच वेग लक्षात ठेवून कामाला लागा. यंत्राची पिन सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. काढलेली वायर गुंडाळून आपल्या डोळ्यांसमोर ठेवा, कारण सोसायटीत पडलेली पिन कुणीतरी मदत म्हणून परत लावून देतं. यंत्र बॅटरीवरचं असेल, तर बॅटरी आणि चावी दोन्ही काढून बाजूला ठेवा. पातं पूर्ण थांबल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. मोटरचं कव्हर उघडण्याची या कामात कुठेही गरज नाही. आत कपॅसिटर असतो आणि पिन काढल्यावरही त्यात काही काळ वीज राहू शकते.

हातात चामड्याचे जाड हातमोजे घाला, वेल्डिंगवाले वापरतात तसे. कापडी मोजे चालणार नाहीत. बोथट म्हणून टाकून द्यायला निघालेलं पातंही पाना सटकल्यावर बोट खोल कापू शकतं. यंत्र सपाट जागी आडवं करा आणि पात्याचा फोटो काढा, एक समोरून आणि एक कडेने. मग पात्याच्या जमिनीकडच्या बाजूवर खडूने किंवा मार्करने मोठी फुली मारा. पहिल्यांदाच काम करणाऱ्याला या फुलीचा मोठा आधार होतो.

आता तुमचा प्रश्न. पात्याची धार कुठल्या कडेला आहे ते पाहा. पातं फिरताना ती धारेची कड पुढे असते, म्हणजे पातं त्या दिशेने धावतं. बहुतेक यंत्रांत नट किंवा बोल्ट त्याच दिशेने फिरवला की सुटतो, आणि उलट फिरवला की आवळतो. डावं-उजवं, वरून-खालून, घड्याळाचे काटे, यातलं काही पाठ करायला नको.

यामागचं कारण साधं आहे. चालू यंत्रात शाफ्ट पात्याला फिरवत असतो आणि गवत, काडी, खडा पात्याला अडवत असतात. धक्का बसला की पातं शाफ्टपेक्षा क्षणभर मागे पडतं आणि जाता जाता नटालाही मागे ओढतं. या ओढीने नट सुटू नये, उलट आवळावा, अशाच बाजूचे आटे बनवणारे पाडतात. घरातल्या टेबल फॅनचं पातं काढून धुतलं असेल, तर हे तुम्ही हाताने अनुभवलं आहे. तिथला प्लास्टिकचा गोल नट नेहमीच्या सवयीने फिरवला तर आवळत जातो आणि पंखा फिरतो त्या बाजूला फिरवला की सुटतो. म्हणजे तिथे उलटे आटे आहेत. तुमच्या यंत्रातही बहुधा तेच आहे, आणि तुम्ही पाना सवयीच्या बाजूला फिरवला असावा. मोटर कुठल्या बाजूला फिरते त्यावर आटे सुलटे की उलटे हे ठरतं, म्हणून शेजारच्या सोसायटीतल्या यंत्राचा अनुभव इथे उपयोगी पडेलच असं नाही.

दोन गोष्टी मात्र तपासा. आधीच्या माणसाने पातं उलटं बसवलेलं असेल, तर धारेची कड तुम्हाला चुकीची दिशा दाखवेल. पात्याच्या टोकाजवळ धारेच्या मागच्या कडेला पट्टी थोडी वर वळवलेली असते. तिला आपण कान म्हणू. हा कान कवचाच्या बाजूला वळलेला असला, तर पातं सुलटं आहे. जमिनीकडे वळलेला असेल, तर ते उलटं बसवलेलं आहे आणि दिशाही उलटी धरावी लागेल. दुसरं म्हणजे, यंत्रासोबतच्या पुस्तिकेत किंवा कवचावरच्या बाणात काही वेगळं सांगितलं असेल, तर तेच खरं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती आपल्याकडच्या यंत्रांच्या बाबतीत खरोखर घडते. सोसायटीच्या यंत्राची मोटर कधी जळून रिवाइंडिंगला गेली होती का, ते विचारून घ्या. सिंगल फेज मोटरमध्ये स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल होऊन जोडली गेली, तर मोटर उलट्या दिशेने फिरते. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. यंत्र नेहमीसारखाच आवाज करतं. पण पात्याची बोथट पाठ पुढे धावते, गवत कापलं न जाता चेचलं जातं, आणि त्याहून गंभीर म्हणजे आवळण्यासाठी पाडलेले आटे आता प्रत्येक धक्क्याला सुटायला लागतात. ताशी २४० किलोमीटरने फिरणाऱ्या पट्टीचा नट सैल होणं ही फार धोक्याची गोष्ट आहे. म्हणून रिवाइंडिंग झालेली मोटर दुकानातच, पातं न लावता, बाकावर चालवून शाफ्टची दिशा स्वतः पाहा आणि मगच घरी आणा. नवं पातं लावूनही गवत फाटतच राहिलं, तर पहिला संशय याच गोष्टीवर घ्या.

नट सोडवताना पातं पान्याबरोबर फिरू नये म्हणून ते अडवावं लागतं. कवच पत्र्याचं असेल, तर पातं आणि कवचाची भिंत यांच्यामध्ये लाकडाचा जाड तुकडा घाला. लोखंडी सळई घालू नका, तिने कवचाला पोचा पडतो. प्लास्टिकच्या कवचात लाकूड अडकवून जोर दिला तर ते तडकू शकतं, तिथे दुसऱ्या माणसाने जाड मोजे घालून, वर गोणपाट गुंडाळून पातं धरावं. पाना नटाच्या मापाचा रिंग पाना किंवा बॉक्स पाना हवा. तोंड लहान-मोठं करता येणारा पाना इथे नको, तो सटकला की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग तो नट काढायला गॅरेज गाठावं लागतं. नट गंजलेला असेल, तर गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबा. पाना अशा बाजूने लावा, की सुटताना तुमचा हात धारेपासून दूर जाईल. पान्यावर हातोड्याचे घाव घालू नका, ते सरळ मोटरच्या बेअरिंगवर बसतात. हट्टी नट गॅरेजमधल्या हवेच्या गनने दोन सेकंदांत सुटतो. यंत्र रिक्षात घालून तिथे न्यायचा कमीपणा वाटून घेऊ नका. फक्त नवं पातं त्याच गनने आवळून घेऊ नका.

नट सुटला की घाई करू नका. नटाखालचा वॉशर, कधी वाटीसारखा किंचित फुगीर स्प्रिंग वॉशर, मग पातं, मग पातं ज्यावर बसतं तो बॉस आणि बॉस शाफ्टवर घट्ट धरून ठेवणारी छोटी चावी, हे सगळं ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने एका वर्तमानपत्रावर ओळीने मांडा. फुगीर वॉशरची कुठली बाजू वर होती, त्याचाही फोटो घ्या. तो उलटा बसला तर पकड कमी होते. बॉसला तडा, चावीला चेप किंवा आट्यांवर झीज दिसली, तर ती वस्तू बदलल्याशिवाय नवं पातं बसवण्यात अर्थ नाही.

पातं निघालेलं असतानाच कवच आतून साफ करा, एरवी ही संधी मिळत नाही. पावसाळ्यातल्या ओल्या हरळीचा किंवा मेक्सिकन गवताचा आतमध्ये बोटभर जाडीचा थर बसतो, तो पत्रा गंजवतो आणि हवेची वाटही अडवतो. लाकडी पट्टीने खरवडा. पाण्याचा पाइप लावू नका, वर मोटर आहे.

जुनं पातं लगेच भंगारात टाकू नका. ते वाकलेलं नसेल, तडा गेलेला नसेल, टोकाजवळचा कान झिजून पातळ झालेला नसेल, तर धार लावून ते पुढच्या वेळेसाठी ठेवता येतं. पातं व्हाइसमध्ये पकडा आणि कानस घेऊन मूळ उताराने, साधारण ३० अंशांत, फक्त वरच्या बाजूने घासा. खालची बाजू सपाटच राहू द्यायची. वस्तऱ्याइतकी धार करू नका, ती पहिल्या चार खड्यांतच मोडते. ग्राइंडरवर धार लावून घेणार असाल, तर त्याला सांगा, थोडं घासून थांबा, पातं गार होऊ द्या. पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं की कड निळी पडते आणि तिथलं पाणी उतरतं. मग ती धार आठवडाभरही टिकत नाही.

धार लावल्यावर तोल पाहणं हा सर्वांत दुर्लक्षित भाग, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भिंतीत आडवा खिळा ठोका, पात्याच्या मधलं भोक त्यावर अडकवा आणि पातं आडवं धरून सोडा. एक टोक खाली जात असेल, तर त्या टोकाची धार नसलेली कड थोडी घासा, पुन्हा अडकवा, पुन्हा पाहा. दोन टोकांत फक्त १० ग्रॅमचा फरक राहिला आणि तो मध्यापासून २० सेंटीमीटरवर असला, तर २,८०० फेऱ्यांच्या वेगात तो शाफ्टला साडेसतरा किलोच्या जोराने बाहेर खेचतो. आणि हा खेच सेकंदाला सत्तेचाळीस वेळा दिशा बदलत फिरतो. यंत्राची दांडी हाताला मुंग्या आणते, बोल्ट आपोआप सैल होतात, बेअरिंग अकाली जातं, ते यामुळे.

वाकलेलं पातं ठोकून सरळ करणं किंवा तडा वेल्डिंगने भरणं मात्र अजिबात नको. सातपूर-अंबडच्या एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानात हे काम पाच मिनिटांत करून मिळेल, काम दिसेलही छान. ट्रकच्या कमानीच्या पट्टीतून नवं पातं कापून देणारेही भेटतील. या यंत्राचं पातं मुद्दाम फार कडक न करता चिवट ठेवलेलं असतं, म्हणजे दगडावर आदळलं तर ते वाकावं, त्याचा तुकडा उडू नये. कमानीचं पोलाद कडक असतं आणि वेल्डिंगच्या शेजारचा भाग ठिसूळ होतो. अशा पात्याचा तुकडा उडाला, तर तो कुणाच्या पायात घुसेल ते सांगता येत नाही. नवं पातं त्याच बनावटीचं, त्याच लांबीचं, मधल्या भोकाच्या त्याच मापाचं घ्या. आणलेलं पातं जुन्यावर ठेवून ताडून पाहा. लांबी एक सेंटीमीटरने जरी जास्त असली, तरी ते कवचाला घासू शकतं.

बसवताना कान कवचाकडे, धार धावण्याच्या दिशेला पुढे. हा कान हवा वर ओढतो, आडवं पडलेलं गवत उभं करतो आणि कापलेलं गवत पिशवीकडे फेकतो. पातं उलटं बसलं, तर कान खाली जातोच, शिवाय धारेची कडही मागे जाते, म्हणून एकाच चुकीने दोन्ही कामं बिघडतात. नट आधी हाताने चार आटे चढवा. वाकडा चढत असेल तर काढून पुन्हा लावा. मग लाकूड दुसऱ्या बाजूने अडकवा आणि पातं धावतं त्याच्या उलट दिशेला आवळा. किती आवळायचा ते पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं. तिथे ५० लिहिलं असेल, तर २५ सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर २० किलोचा जोर, एवढा त्याचा अर्थ. लहान विजेच्या आणि बॅटरीच्या यंत्रांना याहून बरंच कमी पुरतं आणि जास्त आवळलं तर आटे जातात. शक्य असेल तर टॉर्क पाना कुणाकडून तरी मागून आणा.

लाकूड काढलं याची खात्री करा. मोज्याच्या हाताने पातं दोन-चार वेळा फिरवा, कुठे घासत नाही ना ते पाहा. मगच यंत्र उभं करून सपाट फरशीवर, आजूबाजूला कुणी नसताना, अर्धा मिनिट चालवा. थरथर वाटली, तर लगेच बंद करा, पिन काढा, पुन्हा उघडा. आणि एवढं झाल्यावर पहिल्याच दिवशी हिरवळ बुंध्यापर्यंत उतरवू नका. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापलं, तर उत्तम धारेच्या पात्यानेही गवत पिवळंच पडतं.

प्रश्न : गेल्या वर्षी इथे घर घेतलं आणि सोबत बरीच मोठी हिरवळ आली. पेट्रोलवर चालणारं, मागून ढकलायचं यंत्र आहे. परवा ते गवतात लपलेल्या झाडाच्या बुंध्यावर आदळलं आणि जागीच बंद पडलं. आता दोरी ओढली की हाताला उलटा हिसका बसतो, पण इंजिन चालू होत नाही. पातं बदलून काम होईल का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : पातं बदलावं लागेलच, पण इंजिन चालू न होण्याचं कारण वरच्या बाजूला शोधा. इंजिनच्या माथ्यावर जड फ्लायव्हील असतं, आणि ते शाफ्टवर नेमक्या जागी बसावं म्हणून मध्ये एक छोटी, मऊ धातूची चावी असते. पातं एकदम अडलं तरी फ्लायव्हील आपल्या वेगाने पुढे जायला बघतं. त्या झटक्याने ही चावी अर्धवट किंवा पूर्ण कातरली जाते. फ्लायव्हीलवरची चुंबकं शाफ्टच्या तुलनेत सरकतात, ठिणगी चुकीच्या क्षणी पडते आणि दोरी उलटा हिसका देते. चावी स्वस्त मिळते. ती बदलायला फ्लायव्हील उचकटण्याचं अवजार लागतं, आणि पहिल्या वेळी हे काम मेकॅनिककडून करून घेतलेलं बरं.

पातं मात्र तुम्ही स्वतः काढू शकता. सर्वांत आधी स्पार्क प्लगवरची रबरी टोपी काढून प्लगपासून लांब वळवून ठेवा. या इंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही, फ्लायव्हीलवरची चुंबकं कॉइलशेजारून गेली की वीज तयार होते. म्हणजे खालून पातं फिरवणं आणि वरून दोरी ओढणं, इंजिनच्या दृष्टीने एकच. दांडीवरची पट्टी सोडली की इंजिन बंद होतं हे खरं. ३० जून १९८२ पासून बनलेल्या यंत्रांना अमेरिकेत तसा नियमच आहे, पट्टी सोडल्यापासून तीन सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. तो नियम चालवणाऱ्यासाठी आहे. खाली हात घालणाऱ्याचं खरं संरक्षण म्हणजे काढून ठेवलेली टोपी.

यंत्र कुठल्याही बाजूला कलंडवू नका. एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर वरच्या बाजूला येतील असंच कलंडवा. उलट केलंत, तर इंजिनातलं ऑइल फिल्टरमध्ये आणि कार्ब्युरेटरमध्ये उतरतं आणि पुढचे दोन दिवस पांढऱ्या धुरात जातात. टाकीत पेट्रोल कमी असताना हे काम करा, आणि गॅरेजमध्ये वॉटर हीटरची ज्योत जळत असेल तर यंत्र बाहेर अंगणात न्या.

नट-बोल्टाच्या दिशेबद्दल नाशिकच्या वाचकांना सांगितलेलंच इथे लागू आहे. तुमच्या प्रकारच्या इंजिनांत शाफ्ट वरून पाहिल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे खालून पाहिलं की बोल्ट नेहमीसारखाच डावीकडे सुटतो. आवळण्याचा आकडा बऱ्याच पुस्तिकांत ३५ ते ५० फूट-पाउंडांच्या दरम्यान असतो. तुमच्या मॉडेलचा आकडा नीट पाहून घ्या, कारण तिकडे टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत, म्हणजे ताशी जवळजवळ ३५० किलोमीटरपर्यंत चालू शकेल असं मानक आहे.

नवं पातं लावल्यावर एक तपासणी न विसरता करा. पात्याचं एक टोक कवचाच्या कडेवरच्या एका ठरावीक खुणेसमोर आणा आणि त्या खुणेपासून टोकाची उंची मोजा. पातं अर्धा फेरा फिरवा आणि दुसरं टोक त्याच खुणेसमोर आणून मोजा. दोन मापांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला आणि पातं नवं, सरळ असेल, तर शाफ्टच वाकला आहे. मग ते यंत्र चालवू नका. वाकलेला शाफ्ट हातोडीने सरळ करून देणारा कुणी भेटला, तरी त्याला देऊ नका. घरातली मुलं त्याच हिरवळीवर खेळणार आहेत.

प्रश्न : आजोबांच्या काळातलं, हाताने ढकलायचं गोल पात्यांचं यंत्र माळ्यावर सापडलं. पाती गंजलीत. नवी मिळतील का? की भंगारात द्यावं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भंगारात मुळीच देऊ नका! वर दोन उत्तरांत ज्या पात्याबद्दल लिहिलं, त्याच्याशी या यंत्राचं नातंच नाही. हे मूळ यंत्र. इंग्लंडमध्ये स्ट्राउडजवळ कापडाच्या गिरण्यांत लोकरी कापडावरची लव कातरायला गोल फिरणाऱ्या पात्यांचं यंत्र वापरायचे. ते पाहून एडविन बडिंगने गवत कापायचं यंत्र काढलं आणि १८३० साली त्याचं पेटंट घेतलं. स्क्रूने तोंड लहान-मोठं होणाऱ्या पान्याच्या एका सुरुवातीच्या बनावटीचं श्रेयही त्यालाच देतात. तुमच्या यंत्रात तीच कल्पना आहे. पिळदार पाती सिलिंडरवर फिरतात, खाली एक सरळ पातं स्थिर असतं आणि दोघांच्या मध्ये गवत कात्रीसारखं कापलं जातं. म्हणून याने कापलेल्या हिरवळीचा पोत विजेच्या यंत्राला येत नाही, आणि क्रिकेटच्या खेळपट्टीवर व गोल्फच्या ग्रीनवर आजही हाच प्रकार चालतो.

पिळदार पाती सहसा बदलायची नसतात, त्यांना जागेवरच धार लावतात. खालचं स्थिर पातं मात्र स्क्रूंनी बसवलेलं असतं आणि फार झिजलं असेल तर बदलता येतं. ते काढताना स्क्रूला आदल्या दिवशी तेल मारून ठेवा, ते बहुधा जन्माचे गंजलेले असतात. गंज घासून काढा, बेअरिंगला ग्रीस द्या. मग गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्ह घासायची पेस्ट पात्यांच्या कडांना लावा आणि सिलिंडर हाताने उलट्या दिशेने फिरवा. चाकांमध्ये एकाच बाजूला पकडणारे दात असतात, म्हणून बहुतेक वेळा एक चाक काढून शाफ्टला हात लावावा लागतो. खरखर हळूहळू एकसारखी झाली की पेस्ट पूर्ण पुसून टाका.

दोन्ही बाजूंना असलेले स्क्रू थोडे थोडे फिरवून स्थिर पातं वर आणा, इतकंच की फिरणारी पाती त्याला पुसटशी टेकतील. वर्तमानपत्राची पट्टी मध्ये धरून सिलिंडर हळू फिरवा, बोटं लांब ठेवून. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत कागद सगळीकडे स्वच्छ कापला गेला पाहिजे. एका टोकाला नुसताच दुमडत असेल, तर त्या बाजूचा स्क्रू पाव फेरा फिरवा आणि नवी पट्टी घ्या.